खळ्यावरचं इंग्रजी घर

"भिंतीतून आलीस!"

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी तिसऱ्या काकूंनी माझं असं स्वागत केलं. मी एक पाय उचललेला, तशीच थांबले. भिंत कुठे दिसेना. भात वाळवायच्या खळ्यावर चुन्याच्या खड्याने लांबलचक रेघा ओढलेल्या होत्या, एका कडेला कुणाचा तरी भात पसरला होता आणि त्यावर चिमण्या तुटून पडल्या होत्या.

"मागे फीर. दारातून ये. टकटक कर, आणि आतून 'कम इन' ऐकू आल्याशिवाय पाय आत टाकू नकोस. चोर आहेस की काय?"

"काकू, दार कुठे आहे?"

"तुझ्या नाकासमोर."

दोन रेघांच्या मध्ये हातभर जागा मोकळी सोडलेली होती. मी वळसा घालून तिथे गेले, हवेत मूठ उचलली आणि जिभेने टक टक आवाज काढला. तळ्यावर कपडे धूत बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र भर उन्हात बांबूच्या स्टुलावर बसल्या होत्या, आणि बाहेर कोण आलंय ते दिसतच नाही असा चेहरा करून म्हणाल्या, "हू इज इट?"

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. साल एकोणीसशे त्र्याऐंशी. सिडनीतला एक आचारी महिनाभर गावी येऊन माझ्याशी लग्न करून परत गेला होता आणि मी कागदपत्रांची वाट बघत होते. दक्षिण चीनमधल्या आमच्या तोयसानच्या गावात हे नवीन नव्हतं. दर घरातलं कुणीतरी सोन्याच्या डोंगरावर गेलेलं. अमेरिका हा जुना डोंगर, ऑस्ट्रेलिया हा नवा. आणि नव्या डोंगरावर जाणारा प्रत्येक जण, नवी नवरी असो की मुलाकडे निघालेला म्हातारा, आधी काकूंच्या खळ्यावरच्या घरातून जायचा.

काकूंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. शाळेतले मास्तर फळ्यावर ए-बी-सी लिहायचे, त्याच्याकडे त्या कौतुकाने बघायच्या, एवढंच. त्यांचं सगळं इंग्रजी तोंडी आणि पायी होतं. शब्द हवा तर त्याच्यापर्यंत चालत जायचं. स्वयंपाकघरात शिरलं की डावीकडे 'सिंक', त्यावर 'टॅप'. टॅप फिरवल्याशिवाय 'वॉटर' म्हणायची परवानगी नाही. जिन्याच्या रेघा जमिनीवर आडव्या काढलेल्या, पण त्या ओलांडताना गुडघा उचलायचाच. नाही उचलला तर काकू ओरडायच्या, "पडशील!" आणि आपण खरंच दचकायचो. 'बाथटब'मध्ये कपड्यांसकट बसायचं. 'पियानो'जवळून जाताना अंग चोरायचं, कारण तो महाग असतो. चुकून रेघेवर पाय पडला तर खळं झाडून काढायची शिक्षा. पहिला आठवडाभर मी रोज झाडत होते.

घराच्या मधोमध काकूंनी चौक ठेवला होता. आमच्याकडे प्रत्येक घराला असतो. वर आभाळ उघडं, खाली दगडी हौद. पावसाचं पाणी घरात पडलं की घरात बरकत राहते. तो ऑस्ट्रेलियातल्या घरालाही असणारच, याबद्दल काकूंना तिळमात्र शंका नव्हती. परत आलेल्या कुणीही त्यांना कधी सांगितलं नाही की तिकडे चौक नसतो. नसलेली वस्तू सांगायचं कुणाला सुचणार?

आता काकूंबद्दल सांगते. त्या सतरा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचं लग्न कोंबड्याशी लागलं. नवरा होता, नाव मोय युत-लाम, पण तो पोरवयातच चुलत्याबरोबर सिडनीला भाजीच्या मळ्यावर गेला होता आणि लग्नापुरतं यायची सोय नव्हती. मग त्याच्या जागी रिवाजाप्रमाणे कोंबडा उभा केला. गळ्यात लाल फीत बांधलेला. काकूंनी त्याच्या शेजारी उभं राहून पूर्वजांना वाकून नमस्कार केला. कोंबडा वाकेना, तेव्हा कुणीतरी त्याची मान दाबली. गावातल्या बायका हे अजून रंगवून सांगायच्या. पुढे कित्येक वर्षं चेष्टा चालली, "तिसरे, तुझा नवरा आमच्या भातात शिरलाय गं, घेऊन जा!" काकू शांतपणे जायच्या आणि त्याला काखेत घेऊन यायच्या. त्याला त्यांनी कधी कापू दिलं नाही. म्हातारा होऊन मेला तो.

खरा नवरा आलाच नाही. आधी तिकडचा कायदा त्याला बायको नेऊ देईना. मग इकडचे दिवस असे बदलले की कुणालाच जाता-येता येईना. लोकांनी सांगितलं, सोडून दे, दुसरं घर कर, कायद्याने चालतं. मला स्वतःला विचाराल तर मीही तेच सांगितलं असतं. बघितलेलंही नाही अशा माणसासाठी आयुष्य काढायचं, याचा मला रागच यायचा. पण त्या नुसत्या बसून राहिल्या असं म्हणणं खोटं होईल. त्या घर बांधत होत्या.

नव्या डोंगरावरून कुणी परत आलं की सगळं गाव त्याच्या दाराशी गोळा व्हायचं. कुणाला साबण हवा, कुणाला बिस्किटांचा डबा, कुणाला पोराला नेण्याचं वचन. काकू खारवलेला मासा घेऊन सगळ्यांच्या मागे उभ्या राहायच्या आणि गर्दी हटली की म्हणायच्या, "भाऊजी, मला एक शब्द द्या." माणूस खूश होऊन जायचा. शब्दाला काय पडतं? आणि परत आलेला माणूस काय, मोठेच शब्द देणार. तिकडे जन्मभर धुलाईच्या दुकानातल्या टेबलाखाली झोपलेला माणूससुद्धा गावात आल्यावर 'बाथटब' म्हणणार. आमच्याकडे तसंच चालतं. बाहेरून आलेल्याने थोरवी सांगायची आणि गावाने ती ऐकून मान डोलवायची. खरं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडाला काळं फासणं. पियानो, जिना, 'फ्रिज', काकूंच्या घरात असं सगळं एकेका पाहुण्याकडून येत गेलं.

मग असा काळ आला की परदेशात नातं असणं हाच गुन्हा. इंग्रजी शब्द तोंडातून निघाला तर खैर नव्हती. माझी आई सांगते, त्या वर्षांत काकू दुपारी, सगळे शेतावर असताना, पाण्याचा डबा घेऊन खळ्यावर जायच्या आणि बोट बुडवून घर काढायच्या. पाण्याचंच. तापलेल्या खळ्यावर ते बघता बघता वाळून जायचं. स्वयंपाकघर काढून होईतो पुढचं दार नाहीसं झालेलं असायचं. तेवढ्या वेळात त्या ओठ न हलवता घरभर फिरून यायच्या. आईने हे झुडपाआडून पाहिलं आणि तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. आई तशी कुणाचं काही पोटात ठेवणारी नाही, पण हे तिने ठेवलं.

खळ्याच्या तळ्याकडच्या कोपऱ्यात आणखी एक लहान चौकोन होता. इतका लहान की चार पावलांत संपेल. काकू रोज सगळ्यात आधी तो काढायच्या, मग मोठं घर. आत एक लांबट खूण, मधोमध एक गोल, दाराशी एक टिंब, खिडकीच्या फटीपाशी एक पेटीसारखं काहीतरी, आणि त्या पेटीवर अगदी जवळ जवळ दोन छोटी वर्तुळं. त्यात कुणी पाय टाकायचा नाही. आम्हा शिकणाऱ्यांत कुणी म्हणे संडास, कुणी म्हणे देवघर, एक जण तर डुकराचा गोठा म्हणाला आणि त्याला पाठीत झाडू बसला.

"काकू, ते काय आहे?" मी एकदा विचारलं.

"ते तुझं नाही. तुझ्या घरात जा आणि चहा कर."

मी चहा केला. 'केटल', 'कप', 'शुगर'.

माझ्या शिकवणीच्या दिवसांतच सोनेरी दातवाले फात काका सिडनीहून आले. त्यांचा मळा युत-लाम काकांच्या मळ्याला लागून. काकूंनी त्यांना घरी बोलावून वाम माशाचा भात केला. वाढायला मी होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"यांचं घर कसं आहे म्हणता?" काकूंनी विचारलं.

"घर? अहो वहिनी, घर म्हणजे काय, महाल!" फात काकांचा दात चमकला. "गालिचा असा, की बूट रुततो."

"बरं. आणि तुम्ही गेलात की चहा कोण करतं?"

"तोच करतो की. बसल्या जागेवरून हात लांब केला की किटली..." फात काका थांबले. "म्हणजे, स्वयंपाकघर तसं जवळच आहे."

"पावसाळ्यात आवाज होतो का हो?"

"आवाज? कान फुटतात! पत्र्यावर..." त्यांनी पटकन भाताचा मोठा घास घेतला. "शेजारच्यांचा पत्रा आहे. शेजारच्यांचा."

"घ्या ना अजून. बादलीला काय म्हणतात तिकडे?"

"बकेट."

"आणि गळतं त्याला?"

"लीक. पण युत-लामच्या घरात नाही हं, वहिनी! एक थेंब नाही."

"नसणारच," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या वाटीत माशाचा चांगला तुकडा घातला. "आणि टॉवेल दाराच्या कुठल्या बाजूला?"

"उजव्या," फात काका सवयीने म्हणाले. खिळा उजवीकडेच असणार, त्यात लपवण्यासारखं काय होतं?

मला तेव्हा वाटलं, काय ही बाई, महालाबद्दल विचारायचं सोडून टॉवेल विचारत बसलीय. भांडी घासताना मी तसं म्हणालेही. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आई अजून बोलू न लागलेल्या पोराकडे बघते.

आता दोन्हीकडची दारं उघडली होती. गावातल्या म्हाताऱ्या बायका एकेक करून नवऱ्यांकडे निघाल्या होत्या. युत-लाम काकांचे पैसे वेळेवर यायचे, पण बोलावणं येत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर एकच निरोप. घराचं काम चालू आहे. ते पूर्ण झालं की बोलावतो. हे ऐकून गाव हसायचं. कुणी म्हणे, तिकडे दुसरी बायको असेल. कुणी म्हणे, राजवाडा बांधतोय वाटतं. काकू हसायच्या नाहीत आणि रडायच्याही नाहीत. पण त्यांचे गुडघे धरायला लागले होते, खळ्यावर वाकून रेघा ओढताना मध्येच हात टेकून बसायच्या. आज ना उद्या बोलावणं येईलही, पण तोवर या बाईला तिथे चालत जाता येईल का, असं माझ्या मनात यायचं.

मी निघाले त्या दिवशी त्यांनी मला खळ्यावर नेलं, घराच्या दारातून बाहेर काढलं आणि रेघेच्या आत उभ्या राहून म्हणाल्या, "आ-लिन, त्यांना भेट. सांग, माझे शब्द तयार आहेत."

"एवढंच?"

"एवढंच. आणि रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघ. तिकडे उलटं आहे."

सिडनीत नवऱ्याने मला एका दुकानावरच्या दोन खोल्यांत नेलं. मी आधी चौक शोधला. हे दार उघड, ते दार उघड. नवऱ्याला वाटलं मला उलटी होतेय. "चौक कुठे आहे?" मी विचारलं, तर तो पोट धरून हसला आणि सगळ्या हॉटेलात सांगत सुटला. पण तिसऱ्या दिवशी सिंकखालची नळी फुटली, तो कामावर होता, आणि घरमालकीण, एक जाडजूड गोरी बाई, दारावर धडाधडा मारू लागली. माझं डोकं रिकामं झालं. पाय मात्र रिकामे नव्हते. ते डावीकडे वळले, सिंकपाशी गेले, आणि तोंडातून आपोआप आलं, "टॅप. वॉटर. लीक. बकेट, प्लीज." बाईने बादली आणली. ती गेल्यावर मी ओल्या जमिनीवर बसून ढसाढसा रडले. कधी गावाबाहेर न गेलेल्या बाईने मला तिथून हात धरून चालवलं होतं.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी काकांच्या मळ्यावर गेले. विमानतळाला लागून होता. सारख्या वाफ्यांतून चवळी, पालक, कांद्याची पात, आणि मध्ये एक पत्र्याची झोपडी. काका वाफ्यातून उठले. बारीक, वाकलेले, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मी निरोप सांगितला.

"शब्द तयार आहेत," ते पुटपुटले. मग माझ्या हातात पालकाच्या चार जुड्या कोंबल्या. "तिला सांग, घराचं काम चालू आहे."

"कुठलं घर, काका?"

"तिकडे. गावाच्या पलीकडे." त्यांनी हात कुठेतरी हवेत केला.

झोपडीच्या दाराशी त्यांनी मला फिरकू दिलं नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हाही तेच, पालक आणि घराचं काम. मला संताप यायचा. वाटायचं, या माणसाला गदागदा हलवावं. तिकडे एक बाई खळ्यावर रेघा ओढत म्हातारी होतेय आणि हा मला भाजी देतोय!

मग एकदा मी तिथे असताना पाऊस आला. साधा नाही, आडवा झोडपणारा. आता तरी त्यांना मला आत घ्यावंच लागलं. मी दारातून वाकून शिरले आणि दोन पावलांवर थबकले.

डाव्या भिंतीला लांबट खाट. उजवीकडे खिळ्याला टॉवेल. खिडकीखाली फळांचं खोकं, त्यावर स्टोव्ह आणि किटली, खाटेवरून हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर. आणि मधोमध बादली. वरच्या पत्र्यातून तिच्यात थेंब पडत होते, टप, टप. चार पावलांत संपणारी खोली. मी या खोलीच्या कडेने महिनोन्‌महिने ये-जा केली होती. यात पाय टाकायला मला बंदी होती.

डोंगर, समुद्र, एवढं सगळं मध्ये असताना त्या बाईने ही खोली बांधून काढली होती. कशातून? तर महालाच्या गप्पा मारणाऱ्या माणसांच्या घासाघासामधून निसटलेल्या बादल्या आणि टॉवेलांमधून.

"बघितलंस ना आता," काका खाली मान घालून म्हणाले. "तिला सांगू नकोस. सगळ्यांनी तिला घर सांगितलंय. मी काय तोंड दाखवू? ती येईल, दारात उभी राहील, आणि हे बघेल."

भाजीच्या खोक्यांवर नंबर टाकायचा खडू खिडकीत पडला होता. मी तो घेतला आणि उकिडवी बसून सिमेंटवर चौकोन काढला. लांबट खूण. गोल. पेटी. उजवीकडे खिळा. काका आधी नुसते बघत होते, मग तेही खाली बसले.

"हे तू आत्ता बघून काढलंस."

"नाही, काका. हे काकू रोज काढतात. सगळ्यात आधी. शिकवणीला होते तेव्हा मी रोज बघत होते."

त्यांनी गोलावर बोट ठेवलं. "ही बादली?"

"बादली. गळतं तेही ठाऊक आहे त्यांना. इंग्रजीत सांगतील."

मी पेटीवरची दोन छोटी वर्तुळं काढली, शेजारी शेजारी. काकांनी समोरच्या खोक्याकडे पाहिलं. तिथे एकच कप होता, कान तुटलेला. मग त्यांनी बोट उचलून दुसऱ्या वर्तुळावर ठेवलं.

"मग मी इतकी वर्षं," ते म्हणाले, "लपत होतो कुणापासून?"

मला त्यांचा राग आला होता तो कुठे गेला कळलंही नाही. आम्ही दोघं बादलीच्या दोन बाजूंना बसून रडलो, आणि वरून विमान गेलं तेव्हा सगळी झोपडी थरथरली.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी बोलावण्याच्या कागदांवर अंगठा उठवला. मग मात्र त्यांची तारांबळ उडाली. पत्रा बदलतो, खाट त्या बाजूला घेतो, खिडकी मोठी करतो. मी निक्षून सांगितलं, "काही हलवू नका. त्या चुकतील." एक नवा कप तेवढा आणू दिला.

कागद फिरायला वर्षाहून जास्त लागलं. काकू आल्या तेव्हा काठी टेकत आल्या. काका विमानतळावर आले नाहीत, धीर झाला नाही. माझा नवरा गाडी चालवत होता आणि काकू खिडकीतून बाहेर बघत एकेक शब्द जागेवर बसवत होत्या. "ब्रिज. ट्रक. चर्च." शहर त्यांना नवीन नव्हतंच, फक्त आता त्याला उंची आली होती.

"काकू, एक गोष्ट सांगते, रागावू नका," मी म्हणाले. "इथल्या घरांना चौक नसतो."

"कोण म्हणतं?"

मळ्यावर त्या वाफ्यांमधून हळूहळू चालत गेल्या. हातात कापडी पिशवी. झोपडीच्या दारापाशी थांबल्या, केस सारखे केले, काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने दारावर टकटक केली. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या दारावर.

आतून काही आवाज नाही.

त्या थांबल्या. पुन्हा टकटक. पत्र्याआड कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. इतक्या जवळ येऊन दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे, आणि दार काही उघडेना. मी पुढे होऊन ढकलणार, तेवढ्यात काकांनीच दार उघडलं. नवा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं.

"असं नाही," काकू म्हणाल्या. नवऱ्याशी त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य. "आधी आतून 'कम इन' म्हणायचं."

काका कावरेबावरे झाले. "मला ठाऊक नाही ते. मला भाज्यांची नावं येतात. बाकी सगळं आमच्या आमच्यातच चालतं." मग म्हणाले, "माझ्या दारावर कधी कुणी टकटक केलीच नाही."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतका वेळ कोरडा ठेवलेला त्यांचा चेहरा एका क्षणात भरून आला. पण त्या रडल्या नाहीत. एक पाऊल मागे आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं.

"मी पुन्हा करते," त्या पत्र्याला तोंड लावून म्हणाल्या. "तुम्ही म्हणा. कम. इन."

टकटक.

"कम," आतून आवाज आला, आणि नंतर कितीतरी वेळाने, "इन."

काकू आत गेल्या. काठी बाहेरच राहिली, भिंतीला टेकवलेली. मला पिशवीतल्या टॉवेलची फडफड ऐकू आली, दाराच्या उजव्या बाजूला. मग कपांचा आवाज. आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी अजून पत्र्यातून बादलीत ठिबकत होतं.

"हा काय मग चौक!" काकूंचा आवाज. "म्हणे नसतो!"

मग त्या खोलीभर फिरू लागल्या. "बेड," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मागोमाग एक जाड, घाबरलेला आवाज म्हणाला, "बेड." "केटल." "केटल." "कप." "कप."

नवरा मला म्हणाला, चल, आत जाऊ या, चहा तरी घेऊ. मी त्याचा हात धरून त्याला थांबवलं. आम्हाला कुणी 'कम इन' म्हटलं नव्हतं.